धुणं वेगळं, घासणं वेगळं

बायको गेली त्याला सहा महिने झाले. माणसं भेटायला येतात, खाली मान घालून बसतात, चहा पितात आणि जाताना म्हणतात, "तिच्या आठवणी सांगा की काहीतरी." मी सांगायला तोंड उघडतो आणि तोंडातून मिस्त्रीच बाहेर येतो. लोक एकमेकांकडं बघतात. म्हातारा भरकटला असं त्यांना वाटतं. मी भरकटलेलो नाही. माझी बायको काय चीज आहे ते मला ज्या चार दिवसांत कळलं, ते चार दिवस मिस्त्रीच्या अंगणात गेले. त्याला मी काय करू?

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं पुढचं मागं होईल, तेवढं चालवून घ्या.

मिस्त्रीचं नाव लिहीत नाही. त्याची माणसं अजून नगरात आहेत, आणि खरं सांगायचं तर नावानं त्याला कुणी हाक मारलेली मी ऐकलीच नाही. काचमिस्त्री म्हणायचे, पुढं नुसतं मिस्त्री. त्याच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतलेला. मिस्त्री मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकला आणि त्यातून काचेकडं वळला. ख्रिस्ती देवळाच्या खिडक्या, दुकानांची कपाटं, तसबिरी, कंदिलांच्या काचा, सगळं त्याच्याकडं. मी पुणतांब्याकडचा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत कामाला म्हणून नगरला आलो, बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं. मिस्त्रीनं मला हाताखाली घेतलं आणि आम्हां नवराबायकोला अंगणातली मागची खोली दिली.

आता त्याचा चष्मा सांगतो, कारण त्याच्याबद्दल पहिलं सगळे तेच सांगायचे. त्याच्या चष्म्याला काचा नव्हत्या. नुसती तारेची चौकट. काचेचा मिस्त्री आणि चष्म्याला काच नाही, म्हणून गल्लीतली माणसं खो खो हसायची. झालं होतं असं की लढाई सुरू झाल्यावर त्याच्या चष्म्याची काच फुटली आणि त्याच्या नंबराची मिळेना. चष्मेवाला म्हणाला, ही घे, थोडा फरक आहे, चालून जाईल. मिस्त्री म्हणाला, "फरक हाय तर ती माझी न्हाई." दुसरी काच पण काढून टाकली आणि चौकट घालून फिरायला लागला.

मी एकदा विचारलं, "मिस्त्री, याच्यातून काय वेगळं दिसतं तुमाला?"

"दिसत काय न्हाई. पन कुटं बघायचं ते डोळ्याला कळतं."

एखाद्याचं तोंड बघायचं नसलं की तो चष्मा काढायचा, घडी घालायचा आणि खिशात ठेवायचा. लोकांना ते शिवी दिल्यापेक्षा जास्त लागायचं.

दुसरी खोड शब्दांची. एका शब्दाच्या जागी त्याला दुसरा चालायचा नाही. देवळाच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं, "मिस्त्री, नाताळच्या आधी तेवढ्या काचा साफ करा." मिस्त्री टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"साफ म्हंजी काय करू? धू, पुसू का घासू?"

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, जे काय करायचं ते करा."

"तसं न्हाई साहेब. धुनं येगळं, पुसनं येगळं, घासनं येगळं. धुतल्यावर पानी ऱ्हातं, पुसल्यावर फडकं ऱ्हातं, घासल्यावर घासल्याली खून ऱ्हाती. तुमाला काय ऱ्हायला पायजे ते सांगा."

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण देवळात त्यांना याची सवय होती. गीत गाताना मिस्त्री सगळ्यांच्या मागं एक ओळ असायचा. प्रत्येक शब्द पुरता उच्चारल्याशिवाय पुढं जायचा नाही. सगळ्यांचं आमेन होऊन माणसं चपला शोधायला लागायची, तेव्हा मागच्या बाकावरून एकट्याची शेवटची ओळ यायची. मी तिथला नव्हे, पण बाहेर उभा राहून ऐकलेलं आहे. पोरंटोरं हसायची. तो पुरं करूनच उठायचा.

भाकरी तो चहात कुस्करून खायचा. माझ्या बायकोला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, "मिस्त्रीबाबा, कालवण देऊ का?" तो म्हणायचा, "तुझं कालवण चांगलं हाय पोरी, म्हनून तर नगं. उद्या न्हाई मिळालं तर जीव तळमळंल." अशी त्याची कारणं असायची. तिला ती पटायची. मला तेव्हा वाटायचं, दोघंही अर्धवट आहेत.

आता मोटारीकडं येतो.

मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या. आपल्याकडच्याच, ख्रिस्ती, पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या. स्वतः मोटार चालवायच्या. बाई मोटार चालवते म्हटल्यावर त्या काळात लोक रस्त्यावर येऊन बघायचे, आणि मोटारही बघण्यासारखीच होती. कुणी जुना पाद्री परत जाताना दवाखान्याला ठेवून गेलेला. फ्रान्सकडची, लांब नाकाची, पितळी दिव्यांची. तशी दुसरी जिल्ह्यात नव्हती. मुंबईत तरी असेल का, शंकाच. तिच्या पुढच्या काचा दोन होत्या, मधे टोकाला जुळलेल्या, हात जोडल्यासारख्या. त्यामुळं लोक तिला 'नमस्कारवाली' म्हणायचे. दर महिन्याला डॉक्टरबाई औषधांच्या पेट्या घालून ती गाडी राजूरला न्यायच्या. बाजारच्या दिवशी डोंगरातली माणसं तिथं उतरायची. अडलेल्या बाया, तापाची पोरं, सगळी त्या दिवसाची वाट बघत. दुसरा डॉक्टर त्या अंगाला जायचा नाही.

तर एकदा पुढं चाललेल्या लष्करी ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला आणि नमस्कारवालीचा उजवा हात तुटला. म्हणजे उजवीकडची काच फुटली. चालवणारा बसतो ती बाजू. काचेचे तुकडे डॉक्टरबाईंच्या भुवईत घुसले. डोळा वाचला, नशीब. पुढचे दोन महिने त्या मान डावीकडं वाकडी करून, शाबूत काचेतून बघत गाडी चालवत होत्या. धुळीनं डोळे लाल. मग मिशनच्या कमिटीनं सांगितलं, मोटार तपासणारे साहेब अमक्या शुक्रवारी येणार आहेत. त्यांनी गाडी लायक आहे असं लिहून दिलं तरच पेट्रोलची कुपनं पुढं मिळतील. नाहीतर गाडी मोडीत काढायची आणि राजूर बंद.

डॉक्टरबाई मिस्त्रीकडं आल्या. मुंबईला पत्र टाकून झालं होतं. लढाईमुळं तसली काच नाही, असं उत्तर आलं होतं.

मी म्हणालो, "खिडकीची काच कापून बसवू की."

मिस्त्री म्हणाला, "आन फुटली की बाईंच्या दुसऱ्या डोळ्यात?" मग डॉक्टरबाईंकडं वळून म्हणाला, "देतो."

हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. एरवी तो "बघू" म्हणायचा. तसबिरीची चौकट असली तरी "बघू".

कॅम्पाजवळ एक ठेकेदार लष्कराचं भंगार घ्यायचा. त्याच्याकडं पडलेल्या विमानाचा एक टप आला होता. म्हणजे विमान चालवणाऱ्याच्या डोक्यावरचं झाकण, आरपार दिसणारं, अर्ध्या कलिंगडासारखं फुगीर. मिस्त्रीनं त्याच्यावर बोट वाजवलं. काच टण वाजते, हे थप वाजलं. नखानं खरवडून वास घेतला. "पिकल्या फळावानी येतोय," म्हणाला. ठेकेदार ते असं सोडायला तयार नव्हता. मिस्त्रीनं त्याला आपली सायकल दिली. त्या सायकलीवर तो अख्खं नगर फिरायचा. पण द्यायच्या आधी दोन्ही चाकांतल्या ट्यूबा काढून घेतल्या.

ठेकेदार बोंबलत आला, "मिस्त्री, ही काय लबाडी? ट्यूब कुठंय?"

"सायकल म्हनालो हुतो. ट्यूब म्हनालो न्हवतो."

त्या ट्यूबा कापून त्यानं पुढं काचेच्या कडेला गादी केली. मी म्हणालो, हा मात्र लबाडपणा झाला. तर म्हणाला, "शब्दाच्या बाहीर गेलो का मी?" त्याच्या पुढं बोलणं संपायचं.

फुगीर टप सपाट करायचा होता. मिस्त्रीनं आधी कोपऱ्याचा तुकडा कापून चुलीवर, पाण्यात, सगळ्यात घालून बघितला. जास्त तापला की फोड यायचे, कमी तापला की वाकायचा नाही. शेवटी पाववाल्या चाचांची भट्टी धरली. सकाळचे पाव काढून झाले की भट्टी हळूहळू निवत जाते, त्यातली एक वेळ बरोबर बसते, हे त्यानं तीन दिवस भट्टीपुढं बसून काढलं. घड्याळ नव्हतं. तो प्रभूची प्रार्थना म्हणायचा, एकेक शब्द पुरता, आणि तशा बारा प्रार्थना झाल्या की बाहेर काढायचा. दोन सागवानी फळ्यांत, मऊ फलालीन लावून, वर दगड. खरा तुकडा घातला त्या दिवशी चाचा पण शेजारी उकिडवे बसले. बारावी प्रार्थना झाली तसे दोघं एकदम म्हणाले, "आमीन." तो शब्द दोघांचा एकच निघाला. चाचा म्हणाले, "मिस्त्री, हमारा पाव इतने प्यार से कभी नहीं निकाला किसीने."

तुकडा सपाट निघाला, थोडा लहरी. मिस्त्रीनं शाबूत काचेचं पुठ्ठ्यावर माप घेतलं, पुठ्ठा उलटा केला आणि त्याबरहुकूम कापायला बसला. कापताना ओरखडे पडू नयेत म्हणून दोन्ही अंगाला भाताच्या खळीनं वर्तमानपत्र चिकटवलं. करवत घाईनं चालवली की ते वितळून पुन्हा चिकटायचं, म्हणून पाण्याची धार सोडत हळूहळू. दोन दिवस लागले. सोमवारी सकाळी आकार झाला. टपातून तेवढा एकच तुकडा बसत होता, दुसरा निघण्यासारखा नव्हता. हे मला माहीत होतं. बायकोला माहीत नव्हतं.

सोमवारी आम्ही दवाखान्यात चौकट बघायला निघालो. मिस्त्री पुढं चालता चालता मला म्हणाला, "तुझ्या बायकूला सांग, कागद भिजवून काढ आन वरची खळ पान्यानं धुऊन टाक. धुऊन. हात मऊ ठेव म्हनावं."

मी मागं आलो. ती भांडी घेऊन बसली होती. मी दारातूनच ओरडलो, "ते कागदाचं सोलून, चांगलं घासून ठेव. आम्ही आलोच."

घासून म्हणालो. आमच्याकडं भांडं स्वच्छ करायचं म्हणजे घासायचं. दुसरा शब्दच नाही. मला फरक वाटला नाही.

तिनं घासलं. काथ्या घेतला, चुलीतली राख घेतली, आणि दसऱ्याला तांब्याचा हंडा घासावा तसं घासलं. एक बाजू पुरी केली. आम्ही आलो तेव्हा दुसऱ्या बाजूवर राखेचा हात ठेवायच्या बेतात होती. घामानं डबडबलेली, आणि तोंडावर हसू. म्हणाली, "बघा, किती जोर लावलाय. पर लकाकी येईना बया."

तुकडा दुधासारखा पांढरा झाला होता. पलीकडचा हात दिसत नव्हता.

मी तिच्या थोबाडीत मारली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलांनाही नाही. मिस्त्री माझ्या मागं दारात उभा होता. तिच्या हातातली राख गालाला लागली होती. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, काय चुकलं ते कळेना म्हणून.

मिस्त्री पुढं आला. तुकड्याकडं बघितलंच नाही. तिच्यासमोर खाली बसला.

"पोरी, तुला काय सांगितलं हुतं?"

"घासून ठेव म्हनले."

"कोन?"

"हे."

"घासून? का धुऊन?"

ती म्हणाली, "घासून. चांगलं घासून म्हनले."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एक शब्द लागत होता. मी म्हणालो, "हिला अक्कल न्हाई मिस्त्री, खेड्यातली हाय." मी स्वतः कुठला होतो?

मिस्त्रीनं चष्मा काढला. घडी घातली. खिशात ठेवला.

तिथून पुढं तो माझ्याशी बोलला नाही. तिला म्हणाला, "ऊठ. राखंनं केलंय, राखच निस्तरंल."

शुक्रवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्या अंगणात जे चाललं ते मी पाणी भरता भरता बघितलं, कारण मला दुसरं काम उरलंच नव्हतं. मिस्त्रीनं आधी विटेची भुकटी पाण्यात ढवळली, जड खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, ते निवळू दिलं, त्याचा वरचा थर पुन्हा तिसऱ्यात. शेवटी जे उरलं ते बोटांत धरलं तर लागतच नव्हतं. त्यानं खोल ओरखडे काढायचे. मग तसंच राखेचं. ती धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलेली. शेवटी खडूची भुकटी आणि खोबरेल. जे पहिल्या दिवशी तिनं मूठभर टाकलं होतं, तेच आता चिमूटभर, गाळून, निवळून.

चोळायचं काम त्यानं तिला दिलं. मला नाही, स्वतःलाही नाही.

ती म्हणाली, "नगं मिस्त्रीबाबा. माझ्या हातानं पुन्यांदा इस्कोट व्हईल."

"तुजा हात भाकरीचा हाय. थापताना भाकर फाटती का तुझी?"

"न्हाई."

"मग तसाच फिरव. माजा हात जड हाय, सुताराचा. आन दुसऱ्या कुनाचा हात..." एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडं बघितलंही नाही.

ती गोल गोल हात फिरवायची, तळव्याच्या कडेनं, भाकरी थापल्यासारखी. दिवसभर. पाठ भरून आली की उठून दोन फेऱ्या मारायची आणि पुन्हा बसायची. बोटांची साल गेली. मिस्त्री शेजारी बसून पाण्याचे थेंब सोडायचा आणि तिला सांगायचा, "आता घासतीयास. आता पुसतीयास. बघ, फरक पडला." तिला तो फरक दोन दिवसांत हातात कळायला लागला. डोळे मिटून सांगायची, "हितं अजून खरबरीत हाय." आणि तिथं असायचं.

स्वयंपाक माझ्याकडं आला. भाकरी करपल्या, जिथं करपल्या नाहीत तिथं कच्च्या राहिल्या. मिस्त्री चहात कुस्करून गुमान खायचा. ती एक घास घ्यायची आणि म्हणायची, "भूक न्हाई." माझ्याशी ती बोलत होती, पण कामापुरतं. पाणी द्या. फडकं द्या. मी रोज ठरवायचो, आज सांगतो, चूक माझी होती. अंगणात गेलो की तिची वाकलेली पाठ दिसायची आणि मी बादली ठेवून परत यायचो.

गुरुवारी दुपारी मिस्त्रीनं तुकडा धुतला, मऊ फडक्यानं टिपला आणि दोन दगडांच्या मधे उभा केला. त्याचे स्वतःचे डोळे अधू. मला विचारलं नाही. तिला म्हणाला, "ह्याच्यातून बघ आन वाच."

ती लाजली. "मला कुटं वाचाया येतंय?"

"मग जे येतंय ते वाच."

तिनं वाकून बघितलं. म्हणाली, "त्या बाभळीवर तीन बगळं हायेत. एक लंगडतोय. त्याच्या पायात सुतळी गुतलीया."

मिस्त्री तुकड्याच्या बाजूनं, नुसत्या डोळ्यांनी बाभळीकडं बघायला लागला. त्याला पांढरे ठिपके दिसले असतील, बस. मी बघितलं. तीन होते. एकाच्या पायात सुतळी होती. मला ती आधी नुसत्या डोळ्यांनी पण दिसली नव्हती.

"झालं," मिस्त्री म्हणाला.

शुक्रवारी दवाखान्याच्या आवारात तपासणीचे साहेब आले. खाकी कपडे, पोट पुढं, तोंडात पान. आम्ही तुकडा पहाटेच बसवला होता. डॉक्टरबाई पायरीवर उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात घेऊन. साहेबांनी दिवे बघितले, भोंगा वाजवला, ब्रेक दाबला. मग पुढं आले आणि डाव्या काचेवर टिचकी मारली. टण. उजव्या काचेवर मारली. थप.

"ही काच आहे का?"

डॉक्टरबाईंनी पायरीवरून मिस्त्रीकडं बघितलं. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मी झटक्यात पुढं झालो. म्हणालो, "काचच हाय साहेब. नवी हाय म्हनून आवाज येगळा."

मिस्त्रीनं चष्मा घातला आणि माझ्याकडं बघितलं. चार दिवसांतला पहिला शब्द मला बोलला. "गप."

मग साहेबांना म्हणाला, "काच न्हाई ती."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "मग काय आहे?"

"इमानाच्या टपाचं हाय. नाव ठावं न्हाई. ठावं न्हाई ते नाव मी ठेवीत न्हाई."

"अरे बाबा, फॉर्मात काच लिहिलंय. काच आहे का नाही, एवढंच लिहायचं मला. नाही लिहिलं तर गाडी गेली."

"साहेब, काच कशापायी बसवत्यात?"

"कशापायी म्हणजे?"

"पलीकडचं दिसावं आन वारा-धूळ आत येऊ नये. दोन्ही करती का ते बसून बघा. तिसरं, फुटून डोळ्यात जाऊ नये. त्याला ही हातोडी घ्या." त्यानं खरंच पिशवीतून हातोडी काढून साहेबांच्या हातात दिली. "दोन्हीवर सारखीच मारा. आधी डाव्या, खऱ्या काचंवर मारा. ती ऱ्हायली तर मग हिच्यावर."

साहेबांनी हातोडीकडं बघितलं, जिल्ह्यातल्या त्या एकुलत्या एक जुन्या काचेकडं बघितलं, आणि पान थुंकून आले. मग आत जाऊन बसले. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. डॉक्टरबाईंच्या भुवईवरची खूण त्यांना आतून नीट दिसत असणार, कारण त्या समोरच उभ्या होत्या. बराच वेळ बसले. शेवटी उतरून कागद बॉनेटवर ठेवला आणि काच या शब्दावर रेघ मारली. त्याच्या वर लिहिलं, 'समोरचे स्वच्छ दिसते.' खाली सही केली.

जाताना मिस्त्रीला म्हणाले, "हे घासलं कुणी एवढं?"

"घासलं न्हाई," मिस्त्री म्हणाला. "घासून झाल्यावर जे करत्यात ते केलं. ह्या पोरीनं."

साहेबांनी तिच्याकडं बघून मान डोलावली. ती माझ्या मागं सरकली. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या जवळ आली, ती लाजून.

पुढच्या आठवड्यात राजूरचा बाजार होता. डॉक्टरबाई औषधांच्या पेट्या भरत होत्या. मिस्त्रीनं त्यांना सांगितलं, "वाटंत धूळ बसंल. कुनाला पुसू देऊ नका. रुमालानं पुसाल आन पुन्हा ओरखडं पडत्याल. हिला न्या. आदी पानी मारंल, मग टिपंल. हिचाच हात लागू द्या." डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरंय. मला पेट्या उतरायला बाईमाणूस हवंच होतं."

मला कुणी विचारलं नाही. तिनं विचारलं, "जाऊ का?" मी म्हणालो, "जा."

ती जन्मात मोटारीत बसली नव्हती. हातात पाण्याची बाटली आणि धोतराचं फडकं घेऊन, पदर डोक्यावरून गच्च ओढून, डॉक्टरबाईंच्या शेजारी बसली. मी पुढं जाऊन हँडल मारला. गाडी थरथरायला लागली. आता बोलायचं, असं मी ठरवूनच आलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते. 'धुऊन म्हणायला सांगितलं होतं, घासून मी म्हणालो, आणि मारलं तुला.' एवढेच. मी तिच्या बाजूला गेलो. ती वाट बघत असल्यासारखी बघत होती.

मी म्हणालो, "दार नीट लाव."

ती म्हणाली, "लावलंय." आणि फिसकन हसली. "दोन दिस भाकरीच्या वाटंला जाऊ नका. चाचांकडनं पाव आना."

गाडी फाटकातून गेली. मिस्त्री माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बोल्लास का?"

"बोललो."

"काय?"

"दार नीट लाव म्हणालो."

"एवढं दिस त्याला लागलं?" तो म्हणाला आणि कामाला निघून गेला.

मिस्त्री लढाईनंतर फार दिवस जगला नाही. नमस्कारवाली त्याच्यानंतरही बरीच वर्षं चालली आणि दर महिन्याला माझी बायको तिच्यातून राजूरला जात राहिली. पहिलं पोर झालं तेव्हा तेवढे दोन महिने गेली नाही. तिथल्या बायांची नावं तिला पाठ होती. त्यातल्या एकीची नात तिच्या दिवसकार्याला आली होती.

गाडीपाशी जुळवून नेलेलं ते वाक्य मी तिला कधी सांगितलं नाही. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं. पण सांगितलं नाही. त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं आम्ही एका घरात काढली. वेळ रोज होता.